अमेरिकेतले पशुपालक लांडग्याचं कायदेशीर संरक्षण काढा असं का म्हणतात? कायदा, कोर्ट आणि भरपाई, सगळी माहिती एका ठिकाणी

मेंढरं राखणाऱ्याला, शेळ्या पाळणाऱ्याला लांडगा काय असतो हे सांगायची गरज नाही. माळावर रात्री वाघूर लावून, कुत्री सोडून बसणारा माणूस लांडग्याला चांगला ओळखतो. पण हाच प्रश्न अमेरिकेतल्या शेतकऱ्यांना पण आहे, आणि तिथं त्यावरून पन्नास वर्षं कोर्टकचेऱ्या चालू आहेत, हे आपल्याकडं फार कमी जणांना माहीत आहे.

तिथल्या पशुपालकांची मागणी अशी आहे की लांडग्याचं नाव संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीतून काढा. ऐकणाऱ्याला वाटतं, यांना लांडगे मारून संपवायचे आहेत. काहींना तसं वाटतही असेल. पण मूळ भांडण वेगळं आहे. लांडग्यानं जनावर मारलं तर निर्णय कुणी घ्यायचा, आणि नुकसान कुणी सोसायचं, हे ते भांडण. ते नीट समजावं म्हणून ही माहिती.

लांडगा संपला कसा?

एके काळी अमेरिकेत जवळजवळ सगळीकडे करडा लांडगा होता. गोरे वसाहतवाले पश्चिमेकडे सरकत गेले, गुरंमेंढरं वाढली, रानातले बायसन आणि हरणं कमी झाली. मग लांडगा गुरांवर यायला लागला. सरकारनं आणि पशुपालकांच्या संघटनांनी लांडग्याच्या मुंडक्यावर बक्षीस लावलं. १९१५ पासून तर केंद्र सरकारनं पगारी शिकारी नेमले. सापळे लावले, मढ्यात विष घातलं, बिळातली पिल्लं मारली.

यलोस्टोन हे जगातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान. तिथले शेवटचे लांडगे १९२६ मध्ये मारले गेले. पुढं अलास्का सोडली तर खालच्या ४८ राज्यांत उत्तर मिनेसोटाचं जंगल आणि जवळचं एक बेट, एवढ्याच ठिकाणी लांडगा उरला.

कायदा कधी आला?

डिसेंबर १९७३ मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या सहीनं संकटग्रस्त प्रजाती कायदा झाला. १९७८ मध्ये करड्या लांडग्याला ४८ राज्यांत ‘संकटग्रस्त’ ठरवलं. मिनेसोटात लांडगे बरे उरले होते, म्हणून तिथं दर्जा एक पायरी खालचा, म्हणजे ‘धोक्यात आलेला’.

हा फरक कागदावरचा वाटतो, पण शेतकऱ्यासाठी मोठा आहे. ‘संकटग्रस्त’ दर्जा असेल तिथं लांडगा समोर वासरू फाडत असला तरी मालकानं गोळी घालायची नाही. घातली तर मोठा दंड आणि एक वर्षापर्यंत तुरुंग. माणसाच्या जिवावर बेतलं तरच सूट. ‘धोक्यात आलेला’ दर्जा असेल तिथं सरकारी माणसं येऊन गुरं मारणाऱ्या लांडग्याचा बंदोबस्त करू शकतात. आणि यादीतून नाव निघालं की सगळा कारभार राज्य सरकारकडं जातो. मग शिकारीचा हंगाम ठेवायचा का, पशुपालकाला परवाना द्यायचा का, हे राज्य ठरवतं.

परत आणला कसा?

१९९५ आणि १९९६ या दोन वर्षांत कॅनडातून ६६ लांडगे पकडून आणले. ३१ यलोस्टोनमध्ये आणि ३५ आयडाहो राज्यात सोडले. पशुपालकांचा विरोध होता. अमेरिकन फार्म ब्युरो फेडरेशन ही तिथली सगळ्यात मोठी शेतकरी संघटना कोर्टात गेली. १९९७ मध्ये वायोमिंगच्या न्यायाधीशांनी लांडगे सोडणं बेकायदा ठरवलं, पण अपील होईपर्यंत आदेश थांबवून ठेवला. २००० मध्ये वरच्या कोर्टानं तो निकाल फिरवला आणि लांडगे राहिले.

सरकारनं तेव्हा पशुपालकांना एक सवलत दिली होती. सोडलेल्या लांडग्यांना ‘प्रायोगिक’ दर्जा दिला. त्यामुळे स्वतःच्या जमिनीवर लांडगा गुरांवर तुटून पडलेला प्रत्यक्ष दिसला तर मालकाला त्याला मारता येत होतं.

पशुपालकांचे मुख्य मुद्दे

तिथल्या मोठ्या पशुपालकाला रँचर म्हणतात. गोमांसासाठी गुरं पाळणाऱ्यांची राष्ट्रीय संघटना, फार्म ब्युरो, सरकारी कुरणांवर चारणाऱ्यांची परिषद, या सगळ्यांनी यादीतून नाव काढायला पाठिंबा दिला आहे. त्यांचं म्हणणं चार मुद्द्यांत सांगता येईल.

पहिला मुद्दा: ठरलेलं लक्ष्य पूर्ण झालं. मोंटाना, आयडाहो, वायोमिंग या तीन राज्यांत मिळून किमान ३०० लांडगे आणि ३० प्रजनन करणाऱ्या जोड्या सलग तीन वर्षं राहिल्या की काम झालं, असं सरकारनंच ठरवलं होतं. २००२ मध्ये ते झालं. मिनेसोटासाठी १,२५१ ते १,४०० चं लक्ष्य होतं, आज तिथं त्याच्या जवळपास दुप्पट लांडगे आहेत. २०२२ च्या अखेरीस पश्चिमेकडच्या सात राज्यांत मिळून २,७९७ लांडगे असल्याचा सरकारी अंदाज आहे. पशुपालक म्हणतात, वर्ग पास झाला तरी पोराला वरच्या वर्गात पाठवायचं नाही, हा कुठला न्याय?

दुसरा मुद्दा: सापडलेलं मढं म्हणजे पूर्ण नुकसान नव्हे. तिथं उन्हाळ्यात गुरं हजारो एकर सरकारी डोंगरावर सोडतात. चराईचं शुल्क २०२५ मध्ये एक गाय आणि तिचं वासरू यांना महिन्याला १.३५ डॉलर होतं. एवढ्या रानात वासरू मेलं तर ते सापडणारच असं नाही. आयडाहोत झालेल्या एका अभ्यासात असं दिसलं की लांडग्यानं मारलेल्या साधारण आठ वासरांमागे एकच सापडतं. बाकीची फक्त ‘हरवली’.

तिसरा मुद्दा: जी जगतात त्यांचंही नुकसान होतं. लांडग्याच्या भीतीनं गाई एकत्र गोळा होऊन उभ्या राहतात, नीट चरत नाहीत. वासरांचं वजन भरत नाही, गाभण राहण्याचं प्रमाण घटतं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी गाईंच्या केसातून ताणाचं संप्रेरक मोजलं, ते लांडग्यांच्या भागात जास्त निघालं. एका लांडग्यामुळे होणारं थेट आणि आडमार्गाचं नुकसान ६९,००० ते १,६२,००० डॉलरपर्यंत जाऊ शकतं, असा त्यांचा हिशेब आहे. आपल्याकडं पण बिथरलेली शेळी दोन दिवस दूध चोरते, हे कुणी सांगायला नको.

चौथा मुद्दा, आणि माझ्या मते खरा राग इथंच आहे: ठरवणारे लांब राहतात, भोगणारे जवळ राहतात. लांडगा हवा असं म्हणणारी बहुतेक मंडळी शहरात. रात्री बॅटरी घेऊन गोठ्यात जाणारा मात्र गावात. हात बांधून नुसतं बघत बसायला लावलं की माणूस कायदा मानत नाही. तिथल्या रानात यावर एक म्हणच पडली आहे: गोळी घाल, खड्ड्यात पूर, तोंड बंद ठेव. पशुपालकांचे नेते म्हणतात की कायदेशीर वाट दिली तर ही चोरवाट बंद होईल.

काढलं, घातलं, परत काढलं

यादीतून नाव काढायचा प्रयत्न एकाच पक्षाच्या सरकारनं केला असं नाही. दोन्ही पक्षांनी केला. पण दर वेळी पर्यावरण संघटना कोर्टात गेल्या आणि बऱ्याचदा जिंकल्या.

२००९: मोंटाना आणि आयडाहोत नाव काढलं. २०१० मध्ये कोर्टानं परत घालायला लावलं.

२०११: संसदेनं बजेटच्या विधेयकात एक कलम घालून मोंटाना, आयडाहो, पूर्व वॉशिंग्टन, पूर्व ओरेगॉन आणि उत्तर-मध्य युटा इथलं संरक्षण काढलं. संसदेनं थेट एखाद्या प्राण्याचं नाव काढण्याची ही पहिली वेळ. यात डेमोक्रॅटिक पक्षाचे सिनेटर जॉन टेस्टर पुढं होते. ते स्वतः मोंटानातले शेतकरी.

२०१२: वायोमिंगमध्ये काढलं, २०१४ मध्ये कोर्टानं परत घातलं, २०१७ मध्ये पुन्हा निघालं.

२०१२ ते २०१४: मिनेसोटा, विस्कॉन्सिन, मिशिगन या मोठ्या सरोवरांच्या भागात असंच काढलं आणि परत घातलं.

जानेवारी २०२१: उरलेल्या सगळ्या ठिकाणी नाव काढलं. निर्णय ट्रम्प सरकारचा, पण नंतर आलेल्या बायडेन सरकारनंही कोर्टात त्याची बाजू मांडली. फेब्रुवारी २०२२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या केंद्रीय न्यायाधीशांनी तो रद्द केला.

एप्रिल २०२४: संसदेच्या कनिष्ठ सभागृहात नाव काढायचं विधेयक २०९ विरुद्ध २०५ मतांनी मंजूर झालं, सिनेटमध्ये अडलं. जानेवारी २०२५ मध्ये तेच काम करणारं विधेयक पाळीव प्राणी आणि पशुधन संरक्षण अशा नावानं परत मांडलं गेलं. या विधेयकात असंही आहे की नाव काढल्यावर कोर्टाला त्यात हात घालता येणार नाही. पशुपालकांना हेच कलम सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण पुन्हा पुन्हा कोर्टात हरून ते कंटाळले आहेत. विरोधकांना तेच कलम सगळ्यात जास्त खटकतं.

नियम राज्याप्रमाणे बदलतो

मोंटाना, आयडाहो, वायोमिंग: केंद्राचं संरक्षण नाही. राज्याचे नियम, शिकारीला परवानगी.

मिनेसोटा: ‘धोक्यात आलेला’. सरकारी माणसं बंदोबस्त करतात.

विस्कॉन्सिन, मिशिगन, कॅलिफोर्निया, तसंच वॉशिंग्टन आणि ओरेगॉनचा पश्चिम भाग: २०२२ च्या निकालानं ‘संकटग्रस्त’ दर्जा परत आला.

कोलोरॅडो: ‘प्रायोगिक’ दर्जा, ठरावीक प्रसंगी मारायला परवानगी.

ॲरिझोना आणि न्यू मेक्सिको: तिथला मेक्सिकन लांडगा ही वेगळी उपजात, त्याची नोंद स्वतंत्र.

म्हणजे एकाच राज्यात रस्त्याच्या या बाजूला एक नियम आणि त्या बाजूला दुसरा असंही घडतं. पूर्व ओरेगॉनचा मोठा भाग केंद्राच्या यादीबाहेर, पश्चिम ओरेगॉन यादीत. लांडग्याला ती रेषा काय कळणार?

कोलोरॅडोची गोष्ट

हे भांडण सगळ्यात ताजं कोलोरॅडोत आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये तिथं जनमत घेतलं, की राज्यात लांडगा परत आणायचा का. सुमारे ५७ हजार मतांच्या फरकानं ‘हो’ जिंकलं. डेन्व्हर, बोल्डर या शहरांकडून ‘हो’ची मतं पडली. डोंगराच्या पश्चिमेला, जिथं लांडगे सोडायचे होते, तिथल्या बहुतेक काउंट्यांनी ‘नाही’ म्हटलं.

डिसेंबर २०२३ मध्ये ओरेगॉनहून आणलेले १० लांडगे सोडले. २०२४ च्या एप्रिलपासून ग्रँड काउंटीत गुरं मरायला लागली. एका पशुपालकानं मारायचा परवाना मागितला, तो राज्यानं नाकारला, कारण त्या जोडीला पिल्लं होणार होती. शेवटी तो कळप पकडला आणि जानेवारी २०२५ मध्ये दुसरीकडं सोडला. तिथंही गुरं मेली, आणि मे महिन्यात त्यातला एक लांडगा राज्यालाच मारावा लागला.

कोलोरॅडोत भरपाई मात्र भरघोस आहे. एका जनावरामागे बाजारभावाप्रमाणे, जास्तीत जास्त १५,००० डॉलर. हरवलेली जनावरं आणि घटलेलं वजन यांचाही दावा करता येतो, फक्त आधीच्या वर्षांचं वजनाचं आणि मोजणीचं रेकॉर्ड दाखवावं लागतं. २०२५ मध्ये मोजक्या पशुपालकांचे मिळून तीन लाख डॉलरहून जास्त दावे मंजूर झाले. तरीही तिथले पशुपालक म्हणतात, चेक मिळाला म्हणून तीन पिढ्यांची निवडलेली गाय परत मिळत नाही.

दुसरी बाजू काय म्हणते?

एकाच बाजूचं लिहिलं तर ती माहिती होत नाही, म्हणून हेही वाचा.

एक, देशभराचा हिशेब काढला तर लांडग्यामुळे मरणारी गुरं एक टक्क्याच्या आतच आहेत. आजार, थंडी आणि वितानाच्या अडचणी यांनी त्याच्या कितीतरी पट मरतात. पशुपालकांचं याला उत्तर असं, की सरासरी सगळ्यांची असते, पण मार मोजक्या दहा-वीस घरांवर पडतो. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

दोन, राज्यांच्या हातात कारभार दिला तेव्हा काय झालं, ते बघा. फेब्रुवारी २०२१ मध्ये विस्कॉन्सिननं शिकारीचा हंगाम उघडला. परवानाधारकांसाठी ११९ लांडग्यांची मर्यादा होती. तीन दिवसांच्या आत २१८ मारले गेले. आणखी ८१ लांडगे ओजिब्वे या मूळनिवासी समाजाच्या वाट्याचे होते. ते लांडग्याला भाऊ मानतात, त्यामुळे ते मारणारच नव्हते. त्यांच्या वाट्याचेही गेले. आयडाहो आणि मोंटानानं २०२१ मध्ये शिकारीचे नियम फार सैल केले. वायोमिंगच्या सुमारे ८५ टक्के भागात तर लांडगा कधीही, परवान्याशिवाय मारता येतो. २०२४ मध्ये तिथं एकानं लांडग्याला बर्फावरच्या गाडीनं चिरडून, जिवंत गावच्या बारमध्ये नेऊन मिरवलं. त्या वेळी दंड झाला फक्त २५० डॉलर.

अशा घटनांनी सगळ्यात जास्त नुकसान झालं ते साध्या पशुपालकाचं. कारण कोर्टात विरोधी पक्षाचा वकील लगेच म्हणतो, बघा, यांच्या हातात दिलं की काय होतं ते.

तीन, न मारता राखण करता येते. आयडाहोच्या ब्लेन काउंटीत २००८ पासून मेंढपाळ, सरकार आणि संस्था मिळून काम करतात. राखणीची कुत्री, रात्री कळपाजवळ माणूस, दोरीला लाल फडकी बांधून केलेलं कुंपण, दिवे, आवाज. सात वर्षांच्या नोंदीत तिथलं मेंढरांचं नुकसान शेजारच्या भागापेक्षा साडेतीन पट कमी निघालं. मोंटानाच्या ब्लॅकफूट खोऱ्यात मेलेली जनावरं गाडी पाठवून गोळा करतात, म्हणजे मढ्याच्या वासानं लांडगा, अस्वल वस्तीकडं येत नाही. पण यालाही माणूस लागतो, पगार लागतो. आणि लाल फडक्याला लांडगा काही आठवड्यांत सरावतो.

आपल्याकडं कायदा काय आहे?

आपला लांडगा त्याच जातीचा, पण अंगानं लहान. सोलापूर, पुणे, अहिल्यानगरच्या माळरानावर तो आहे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत त्याचं नाव आहे. वाघाला जे संरक्षण, तेच लांडग्याला. मारला तर तीन ते सात वर्षं कैद होऊ शकते. माणसाच्या जिवाला धोका झाला, किंवा प्राणी बरा न होण्याइतका जखमी-आजारी असला, तरच मुख्य वन्यजीव रक्षक परवानगी देऊ शकतात. नुसती जनावरं मारली म्हणून परवानगी मिळत नाही. अमेरिकेत हजारो लांडगे झाल्यावर भांडण चालू आहे. आपल्या अख्ख्या देशात ते तीन हजारांच्या आसपासच असल्याचा अंदाज आहे. म्हणून यादीतून काढा ही तिथली मागणी इथं जशीच्या तशी लागू होत नाही.

पण भरपाईचा धडा लागू होतो. दोन वर्षांपूर्वी माझी एक पाट लांडग्यानं उचलली. ओढ्यापर्यंत रक्त दिसलं, पुढं काही नाही. मढं नाही म्हणून पंचनामा नाही, आणि पंचनामा नाही म्हणून भरपाई नाही. आयडाहोत आठातलं एकच वासरू सापडतं हे वाचलं, तेव्हा मला ती पाट आठवली. तिथल्या पशुपालकांनी संघटनेच्या जोरावर न सापडलेल्या जनावराचा हिशेब सरकारला मान्य करायला लावला. वायोमिंगच्या काही भागात एका सिद्ध झालेल्या वासरामागे सात वासरांपर्यंत धरून पैसे दिले गेले आहेत. आपल्याकडं मेंढपाळाची अशी मागणी अजून कुणी नेटानं मांडलेली दिसत नाही.

जनावर मारलं गेलं तर हे करा

मढं हलवू नका, पुरू नका. पंचनामा होईपर्यंत जागेवरच राहू द्या.

मोबाईलवर लगेच फोटो काढा. गळ्यावरच्या जखमा, पायाचे ठसे, ओढत नेल्याच्या खुणा, सगळं घ्या. ठशाशेजारी काडेपेटी किंवा नाणं ठेवा, म्हणजे आकार कळतो.

वनरक्षक किंवा वनपालाला उशीर न करता कळवा. मुदत उलटली की दावा पडतो. फोन केल्याची वेळ लिहून ठेवा, जमलं तर लेखी अर्जाची पोच घ्या.

किंमत ठरवायला पशुवैद्यकीय अधिकारी लागतात. जनावराच्या कानात बिल्ला असेल तर तो क्रमांक द्या. लसीकरणाची नोंद, विकत घेतल्याची पावती जपून ठेवा.

मढ्यावर विष टाकू नका. तो गुन्हा आहे, आणि त्यात गावातली कुत्री आणि घारी-गिधाडं पण मरतात.

आणि कळपाची मोजणी एका वहीत लिहीत चला. दर पंधरवड्याला किती होती, किती विकली, किती मेली, किती हरवली. अमेरिकेतल्या ज्या पशुपालकांना हरवलेल्या जनावरांचे पैसे मिळाले, त्यांच्याकडं अशी नोंद होती. ज्यांच्याकडं नव्हती, त्यांना तिथंही काही मिळालं नाही.